मरताना वर का चढतात? – काचेवरची माशी आणि इतर झपाटलेले जीव

खिडकीपाशी

नमस्कार मंडळी. धागा काढण्याइतकी ही गोष्ट मोठी आहे की नाही माहीत नाही, पण दोन दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

परवा सकाळी खिडकीच्या काचेवर, अगदी वरच्या चौकटीजवळ, एक साधी घरमाशी बसलेली दिसली. हात हलवला तरी हलेना. जवळ जाऊन पाहिलं तर मेलेली. पण मेलेली माशी खाली चौकटीच्या खाचेत पाय वर करून पडलेली सापडते. ही चक्क उभी होती. सोंड पुढे काढून काचेला टेकवलेली आणि त्या सोंडेवरच चिकटलेली. दोन्ही पंख वर उचललेले, आत्ता उडेल असे. पोट टम्म फुगलेलं, त्यावर पांढुरके आडवे पट्टे. आणि भोवती काचेवर पांढऱ्या भुकटीचं वलय, खडू झटकल्यासारखं. बोट लावलं तर पुसलं गेलं.

काल संध्याकाळी शेजारच्या तावदानावर तशीच दुसरी. तीही वरच्याच कोपऱ्यात.

हे काय आहे? औषध फवारल्यामुळे म्हणावं तर घरात काही फवारलेलं नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिरकस

माशीने समाधी घेतली. भुकटी म्हणजे विभूती. जपून ठेवा.

सूक्ष्मदर्शी

तिरकसराव, विभूतीच्या जवळपास पोचलात. तो बुरशीचा प्रसाद आहे.

बुरशीचं नाव एंटोमोफ्थोरा मुस्की. जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड कोन याने १८५५ मध्ये तिचं वर्णन केलं, तेव्हा नाव वेगळं होतं. तिचा बीजाणू माशीच्या अंगावर पडतो, कातडीला भोक पाडून आत शिरतो आणि रक्तात वाढू लागतो. पुढचे चार-सहा दिवस माशी उडते, खाते, नेहमीसारखी वागते. मग एका संध्याकाळी उडणं बंद करते आणि चालत चालत उंच जागी जाते. सोंड बाहेर काढते, ती चिकटते. त्यानंतर दहाएक मिनिटांत पंख हळूहळू वर उचलले जातात आणि खेळ संपतो.

पोटावरचे पट्टे म्हणजे पोटाच्या वळ्यांमधून बाहेर फुटलेले बुरशीचे दांडे. प्रत्येक दांड्याच्या टोकाला एक बीजाणू, आणि तो गळत नाही तर उडवला जातो, पिचकारीसारखा. तुमचं वलय म्हणजे नेम चुकलेले बीजाणू. पंख वर का, ते लक्षात आलं ना? खाली असते तर सगळी गोळाफेक पंखांवरच अडली असती. माणसाला यापासून काही होत नाही, काच ओल्या फडक्याने पुसा.

गंमत वेळेची आहे. या माश्या दिवसा कधीही मरत नाहीत, सूर्यास्ताच्या आसपास मरतात. म्हणजे बीजाणू उडवायला रात्रीचा गारवा आणि दमटपणा मिळतो.

प्राणीवेडी

बाप रे. म्हणजे माशीला वर जायला बुरशी सांगते? की ती आजारी असल्यामुळे आपोआप तसं होतं?

सूक्ष्मदर्शी

प्राणीवेडीताई, प्रश्न नेमका आहे. २०२३ मध्ये फळमाश्यांवरच्या कामातून बरंच उलगडलं. मरण्याआधी साधारण अडीच तास या माश्यांची चालण्याची हुक्की एकदम वाढते. बुरशीच्या पेशी तोवर मेंदूत शिरलेल्या असतात, आणि मेंदूतल्या घड्याळाशी जोडलेल्या काही चेतापेशींमधून एका ग्रंथीपर्यंत जाणारी वाट या चालण्यामागे आहे असं दिसलं. मला सगळ्यात भावलेला भाग असा: चढणीला लागलेल्या माशीचं रक्त काढून निरोगी माशीत टोचलं, तर निरोगी माशीही जास्त चालायला लागली. म्हणजे रक्तात काहीतरी सोडलेलं आहे.

माशीचं घड्याळ माशीचंच, पाय माशीचेच. बुरशीने फक्त कळ दाबली.

आडवातिडवा

थांबा जरा. हे 'झॉम्बी', 'मेंदूचा ताबा' वगैरे वाचलं की माझं डोकं फिरतं. ताप आला की आपणही पांघरूण घेऊन कोपऱ्यात पडतो. उद्या कोणी म्हणेल विषाणूला गादी आवडते. मरणारा प्राणी कुठेतरी मरणारच. काही वर मरतात, काही खाली. वरच्या दिसतात, खालच्या झाडून जातात. त्यावरून कट-कारस्थान रचायची गरज नाही.

तिरकस

+१. खालच्या माश्यांवर कायमच अन्याय झालेला आहे.

सूक्ष्मदर्शी

आडवातिडवा, शंका रास्त आहे आणि या विषयातल्या लोकांनीही ती घेतलेली आहे. आजारी प्राण्याचं वागणं बदललं म्हणजे परजीवीने ते बदलवलं असं होत नाही. तीन गोष्टी पाहतात. बदल नुसता गळाठा आहे, की नेमक्या पायऱ्यांचा नेमका क्रम आहे? त्या बदलाने परजीवीचं पुढचं पाऊल खरंच सोपं होतं का? आणि तीच युक्ती नातं नसलेल्या परजीवींमध्ये वेगवेगळी उगवली आहे का?

मुंगळ्याचं उदाहरण घ्या, ते मोजून पाहिलेलं आहे. ऑफिओकॉर्डिसेप्स नावाची बुरशी. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसला १८५९ मध्ये सुलावेसी बेटावर असे बुरशी फुटलेले मुंगळे मिळाले होते. थायलंडच्या जंगलात जे मुंगळे अभ्यासले त्यांची वसाहत उंच झाडांच्या शेंड्यांत असते. बुरशी लागलेला मुंगळा खाली येतो, अडखळत भटकतो आणि एखाद्या रोपट्याच्या पानाखाली जाऊन पानाच्या शिरेला कडकडून चावा घेतो. तो चावा मरेपर्यंत सुटत नाही, मेल्यावरही सुटत नाही. मग डोक्यामागून बुरशीचा देठ फुटतो आणि त्यातून बीजाणू खाली पडतात.

आता आकडे बघा. ही पानं जमिनीपासून सरासरी २५ सेंटीमीटरवर होती. तिथली आर्द्रता ९४-९५ टक्के, तापमान २० ते ३० अंश. २००९ मधल्या त्या अभ्यासात काही मेलेले मुंगळे उचलून उंच फांद्यांवर ठेवले, काही जमिनीवर. दोन्हीकडे बुरशीची नीट वाढ झाली नाही. म्हणजे 'कुठेतरी मरणारच' हे इथे लागू नाही. वीतभर उंचीची पट्टी आहे आणि मुंगळा तिथेच जाऊन मरतो.

ही युक्ती जुनीही आहे. जर्मनीतल्या मेसेल इथे सापडलेल्या ४.८ कोटी वर्षं जुन्या पानाच्या जीवाश्मावर शिरेच्या दोन्ही बाजूंना अगदी असेच चाव्याचे व्रण आहेत. मुंगळा नाही, बुरशी नाही, नुसते दातांचे ठसे.

आडवातिडवा

२५ सेंटीमीटरचा मुद्दा मान्य. मुंगळे उचलून दुसरीकडे ठेवून पाहिले हे उत्तम. पण 'मेंदूचा ताबा' अजून अमान्य.

सूक्ष्मदर्शी

तिथे तुम्ही बरोबर निघालात! २०१७ मध्ये मुंगळ्याचे अतिपातळ काप घेऊन त्रिमितीय चित्र जुळवलं. जबड्याच्या स्नायूंभोवती बुरशीच्या पेशींचं जाळं, एकमेकींना जोडलेल्या पेशी, स्नायूंच्या तंतूंमध्ये घुसलेल्या. मेंदूत मात्र एकही नाही. रसायनं पोचत असतील, पण पेशी बाहेरच. मेंदू बहुधा शेवटपर्यंत लागतो, पानापर्यंत चालत जायला.

प्राणीवेडी

हे मला ताबा घेण्यापेक्षाही भयंकर वाटतंय. आत कुणीतरी शाबूत आहे आणि हातपाय दुसऱ्याचे.

बांधावरून

वाचतोय. 'वर चढून मरणं' आम्ही नेहमी बघतो. घाटेअळीवर एनपीव्ही फवारतात, विषाणूंचं द्रावण. चार-सहा दिवसांनी शेतात फेरी मारली की रोगट अळ्या झाडाच्या शेंड्याला मागच्या पायांनी धरून उलट्या लटकलेल्या दिसतात. हात लावला की कातडी फाटते आणि आतून नुसतं पाणी, वासाचं. ते खालच्या पानांवर ओघळतं आणि त्या पानांवरच्या अळ्या तेच खातात. एरवी चांगली अळी पानाआड दडून असते. शेंड्यावर कशाला मरायला जातात हा विचारच कधी केला नव्हता.

सूक्ष्मदर्शी

वा, बांधावरून! नातं नसलेल्यांत उगवलेली तीच युक्ती ती हीच. एक बुरशी, एक विषाणू, आणि दोघांनाही उंची हवी. जर्मनीतल्या वनरक्षकांना एकोणिसाव्या शतकातच 'शेंड्याचा रोग' माहीत होता. २०११ मध्ये एका पतंगाच्या अळ्यांवर काम झालं. विषाणूतलं एक जनुक काढून टाकलं तर अळ्या आजारी पडून मेल्या, पण खाली मेल्या. परत घातलं तर पुन्हा वर. ते जनुक अळीच्या कात टाकण्याच्या संप्रेरकात लुडबूड करतं.

आडवातिडवा, म्हणजे आजार वेगळा आणि चढवणं वेगळं. दोन्ही सुटे करून दाखवले.

आडवातिडवा

हे पटलं. टोपी काढली.

कातरवेळ

एवढ्यात काढू नका, माझ्याकडे अजून पक्का पुरावा आहे. चढवणं सोपं, पण 'आज नको, घरी जा' म्हणणारा परजीवी ऐकलाय?

मेंढ्यांच्या यकृतात एक चपटा कृमी राहतो, डायक्रोसीलियम. अंडी लेंडीतून बाहेर, ती खाते गोगलगाय. गोगलगाय चिकट गोळ्यांतून पिल्लं बाहेर टाकते, ते गोळे खातात मुंग्या. आता मुंगीतून परत मेंढीत जायचंय, आणि मेंढी काही मुंगी शोधून खात नाही. म्हणून मुंगीच गवताच्या टोकाला जाते, जबड्याने पातं धरून बसते आणि चरणाऱ्या मेंढीबरोबर पोटात जाते.

पण दिवसभर तिथे बसली तर उन्हाने करपून मरेल आणि पोटातले कृमीही फुकट जातील. म्हणून गारव्यातच ती पातं धरते. ऊन चढलं की जबडा सुटतो, मुंगी खाली उतरते आणि वसाहतीत जाऊन इतर मुंग्यांबरोबर कामाला लागते, काही झालंच नाही अशी. संध्याकाळी गार झालं की पुन्हा वर. डेन्मार्कमध्ये शेकडो मुंग्यांवर रंगाच्या खुणा करून दिवसदिवस पाहत बसले होते, २०२३ मध्ये निकाल आला. उजेड, दमटपणा, वेळ यांपेक्षा तापमानाशी सांगड सगळ्यात घट्ट निघाली.

आणखी एक. मुंगीत खूप कृमी शिरतात. बाकीचे पोटात कवच करून वाट बघतात, एक मात्र डोक्यात जाऊन तोंडाजवळच्या चेतागाठीला चिकटतो. मेंढीच्या पोटात त्याचा सहसा निभाव लागत नाही, कारण त्याला तसं जाड कवचच नसतं. गाडी चालवणारा मरतो, प्रवासी पोचतात.

तिरकस

प्रवासी त्याचेच भाऊबंद ना? मग जमलं. वंश चालतोय.

कातरवेळ

हो, पुष्कळदा एकाच अंड्यातून झालेल्या जुळ्या प्रती असतात.

शब्दवेल्हाळ

अवांतर: मराठीत परजीवी ज्याच्या जिवावर जगतो त्याला 'यजमान' म्हणायचं हे कोणी ठरवलं? आमच्या घरी 'यजमान' म्हणजे मी ज्यांच्याशी लग्न केलं ते. 'यजमानाच्या वागणुकीत बदल घडवून आणणे' हे वाक्य तीस वर्षांच्या अनुभवाने सांगते, अशक्य आहे. (ह. घ्या.)

आणि परजीवी म्हटलं की आपल्याला बांडगूळ आठवतं, म्हणजे आयतं खाऊन सुस्त पडलेलं. इथले तर भलतेच उद्योगी निघाले.

प्राणीवेडी

हाहा. 'गोगलगाय अन् पोटात पाय' म्हणीला मात्र इथे अर्थ मिळाला. ल्युकोक्लोरिडियम नावाचा कृमी गोगलगायीच्या शिंगात शिरतो आणि हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची पिशवी होऊन आत धडधडतो. लांबून अळी वळवळतेय असं वाटतं. पक्षी तेच टिपतो. पोलंडमधल्या एका अभ्यासात लागण झालेल्या गोगलगायी जास्त उघड्यावर, जास्त उजेडात बसलेल्या आढळल्या. पोटात पाय नाही, शिंगात पाहुणा.

कातरवेळ

पाण्याकडे नेणारेही आहेत. रातकिड्यात एक केसासारखा कृमी वाढतो. बाहेर काढून मोजला तर रातकिड्याच्या कितीतरी पट लांब, वीत-दीड वीत, आणि आत वेटोळं करून बसलेला. त्याला विणीसाठी पाणी लागतं. रातकिडा पाण्यात उडी मारणाऱ्यातला नाही, पण लागण झालेला मारतो, आणि तो पाण्यात पडला रे पडला की कृमी सळसळत बाहेर येतो. फ्रान्समध्ये एका जंगलाशेजारच्या पोहण्याच्या तलावाकाठी रात्री बसून लोकांनी हे टिपलं.

जपानमधल्या एका ओढ्यात ट्राउट माशांना वर्षभरात मिळणाऱ्या ऊर्जेतला साधारण ६० टक्के भाग अशा उडी मारून पडलेल्या कीटकांतून येतो असं २०११ मध्ये मोजलं गेलं. पुढे उड्या मारणारे कीटक अडवून पाहिले तर मासे पाण्यातल्या किड्यांवर तुटून पडले आणि किडे कमी झाल्यावर दगडांवर शेवाळ माजलं. एका कृमीमुळे अख्ख्या ओढ्याचा हिशेब बदलतो.

प्रार्थना कीटकात राहणाऱ्या याच्या भाऊबंदाची तर आणखी वरची पायरी. २०२३ मध्ये जपानी गटाने दाखवलं की त्या कृमीतली चौदाशेहून जास्त जनुकं थेट प्रार्थना कीटकाच्या जनुकांशी जुळतात, बहुधा त्याच्याकडूनच आलेली. ज्याचं घर फोडायचं त्याच्याच किल्ल्या.

आडवातिडवा

मला एक कळत नाही. कृमीला डोकं नाही, बुरशीला तर नाहीच. मग 'डावपेच', 'युक्ती', 'गाडी चालवणारा' ही भाषा का? आपणच माणसाची गोष्ट त्यांच्यावर चिकटवतोय.

सूक्ष्मदर्शी

चिकटवतोय, खरं आहे, आणि मीही वर चिकटवलं. बिनडोक प्रक्रियेचं वर्णन करायला आपल्याकडे डोकेवाल्यांचीच क्रियापदं आहेत. पण आतली गोष्ट साधी आहे. ज्या बुरशीच्या स्रावाने माशी हातभर वर मेली तिचे बीजाणू जास्त पसरले. हे लाखो पिढ्या. कुणी ठरवलं नाही, चाळणीत जे उरलं ते आपल्याला ठरवल्यासारखं दिसतं.

आणि हे लोक नवं वागणं शिकवत नाहीत. माशी एरवीही रात्री उंच जागी विसावते. मुंगीला चावा धरून ठेवता येतो. यजमानात आधीच असलेली खुंटी पिळायची, एवढंच.

बांधावरून

म्हणजे कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्या बाहेरून बांधलेल्या नाहीत. बाहुलीलाच आधीपासून होत्या.

झाडाखाली

इतका वेळ वाचनमात्र होतो. झुरळाचा विषय कसा आला नाही? मी या एका गोष्टीसाठी कीटकशास्त्राकडे वळलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ॲम्प्युलेक्स कॉम्प्रेसा नावाची गांधीलमाशी, हिरवी-निळी, धातूसारखी चकाकणारी, मागच्या मांड्या लालभडक. झुरळ तिच्याहून खूप मोठं. ती झडप घालते, मानेमागची ढाल पकडते आणि पहिला डंख छातीत मारते. दोन-तीन मिनिटांसाठी झुरळाचे पुढचे पाय लुळे. एवढा वेळ तिला पुरतो, कारण दुसरा डंख नाजूक कामाचा आहे. मानेच्या मऊ भागातून नांगी थेट डोक्यात, मेंदूतल्या ठरावीक जागी.

नांगीच्या टोकाला स्पर्शाची जाण असते. इस्रायलमधल्या बेन-गुरियन विद्यापीठात फ्रेडरिक लिबरसाट यांच्या गटाने झुरळाचा मेंदू काढून ते तिच्यापुढे ठेवलं, तर ती कितीतरी जास्त वेळ नांगी आत फिरवत राहिली. शोधत होती!

यानंतर झुरळ अर्धा तास स्वतःला साफ करत बसतं. मिशा, पाय, पुन्हा मिशा. तोवर माशी बीळ शोधून येते. परत आल्यावर झुरळाच्या दोन्ही मिशा अर्ध्या तोडते, तिथून गळणारं रक्त पिते आणि उरलेली मिशी तोंडात धरून त्याला चालवत नेते. हो, चालवत. ओढत नाही. दावं धरून जनावर न्यावं तसं झुरळ तिच्यामागे आपल्या पायांनी बिळात जातं. पाय शाबूत आहेत, उलटं टाकलं तर सुलटं होतं. फक्त 'आपण निघूया' हे वाटणंच संपलंय. याचा संबंध ऑक्टोपामाइन नावाच्या रसायनाशी लावतात. ते काम करेल असं द्रव्य टोचलं तर झुरळ पुन्हा बऱ्यापैकी चालू लागतं.

मग पायाजवळ एक अंडं, बिळाच्या तोंडाला खडे. अळी आधी बाहेरून रस पिते, मग आत शिरते. आतून ती जंतुनाशक द्रव्यंही सोडते, म्हणजे झुरळ कुजू नये. काही आठवड्यांनी झुरळाच्या टरफलातून नवी चकचकीत माशी बाहेर.

तांत्रिक मुद्दा: हिला काटेकोर अर्थाने परजीवी म्हणत नाहीत, कारण परजीवी बहुधा यजमानाला जिवंत ठेवतो आणि ही शेवटी मारतेच. पण धाग्यात चालेल.

शब्दवेल्हाळ

हे वाचून 'भृंगी-कीटक न्याय' आठवला. आपल्या संतांचा लाडका दृष्टांत. भृंगी अळीला आणून मातीच्या घरट्यात कोंडते, अळी भीतीने तिचंच ध्यान करते आणि ध्यान करता करता स्वतःच भृंगी होऊन बाहेर पडते. निरीक्षण किती चोख! अळी आत गेली, भृंगी बाहेर आली. मधला भाग तेवढा दिसला नव्हता.

झाडाखाली

मधल्या भागात अळीचं जेवण झालं. दृष्टांत मोडला म्हणून माफी असावी.

निवृत्त वैद्य

मुलांनो, सगळे किडेमुंग्यांत रमलात, माणसाला विसरलात. चाळीस वर्षं रुग्ण पाहिले त्यावर लिहितो.

सगळ्यात साधा मेंदू-बिंदू न लागणारा प्रकार म्हणजे लहान मुलांचे सुतासारखे जंत. मादी रात्री गुदद्वाराशी येऊन अंडी घालते. तिथे खाज सुटते. मूल झोपेत खाजवतं, अंडी नखात जातात, सकाळी बोट तोंडात. खाज हाच लगाम. म्हणून औषधाबरोबर नखं कापा म्हणतो ते उगाच नव्हे, आणि औषध घरातल्या सगळ्यांना एकदम.

दुसरा नारू. नव्या पिढीने पाहिला नसेल, पाहूही नये. मीटरभर लांबीची मादी, वर्षभराने पायाला फोड आणून डोकं बाहेर काढते. आग अशी होते की माणूस पाय नेऊन पाण्यात बुडवतो, आणि पाण्याचा स्पर्श झाला की ती लाखो पिल्लं सोडते. ती सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जलचराच्या पोटात, आणि ते पाणी कोणी प्यायलं की चक्र पुरं. १९८६ मध्ये जगात सुमारे ३५ लाख रुग्ण होते, आता वर्षाला जेमतेम डझन-दीड डझन. ना लस ना गोळी, फक्त पाणी गाळून पिणं आणि फोड आलेल्याला पाण्यात उतरू न देणं. त्याचा लगामच कापला म्हणा.

तिसरा प्लेगचा पिसू. जंतू पिसवाच्या अन्ननलिकेत गोळा होऊन वाट बुजवतात, हे १९१४ मध्येच दाखवलं गेलं. पिसू उपाशी, म्हणून चावत सुटतो, रक्त खाली उतरत नाही, ते जंतूंसकट परत जखमेत ओकतो. भूक पिसवाची, फायदा जंतूचा.

आणि रेबीज. विषाणू लाळेत, गिळणं बंद, म्हणून लाळ तोंडात साठते, आणि वर चावण्याची खुमखुमी. यात माझी एकच विनंती: कुत्रं चावलं तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि लस त्याच दिवशी सुरू करा. लक्षणं दिसल्यावर डॉक्टरच्या हातात जवळपास काहीच उरत नाही.

प्राणीवेडी

डॉक्टरकाका, आता विचारतेच. माझ्याकडे दोन मांजरी आहेत. टोक्सोप्लाझ्मा या मांजरांतून पसरणाऱ्या परजीवीबद्दल जे फिरतं त्याने झोप उडालीय. म्हणे उंदराची मांजराची भीती जाते, आणि मांजर पाळणारी माणसं बेदरकार होतात. मी बेदरकार आहे का?

तिरकस

दोन मांजरी पाळता म्हणजे आहातच.

निवृत्त वैद्य

ताई, उंदराचा भाग बराचसा खरा. ऑक्सफर्डमध्ये २००० साली केलेल्या प्रयोगात निरोगी उंदीर मांजराच्या मुताच्या वासाच्या कोपऱ्यापासून लांब राहिले, लागण झालेले राहिले नाहीत, काही तर तिथेच रेंगाळले. या परजीवीला लैंगिक वाढीसाठी मांजराचं आतडंच लागतं, म्हणून गोष्ट जुळते. पण २०२० मधल्या कामात असं दिसलं की त्या उंदरांची फक्त मांजराचीच नव्हे, एकूणच भीती कमी होते. म्हणजे फार नेमकी कळ नाही, भोंगळ आहे.

माणसांचं म्हणाल तर जगातल्या सुमारे एक तृतीयांश लोकांना कधी ना कधी लागण झालेली असावी असा अंदाज आहे, आणि बहुतेकांना पत्ताही नाही. अपघात, स्वभाव यांच्याशी संबंध जोडणारे अभ्यास आले, पण न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात जन्मापासून पाहणीत असलेल्या आठशेहून अधिक माणसांवरच्या २०१६ मधल्या अभ्यासात स्वभाव वा मानसिक आजाराशी फारसं नातं दिसलं नाही. तेव्हा झोपा निवांत.

काळजी दोघांनीच घ्यायची: गर्भवती आणि प्रतिकारशक्ती खालावलेले. मांजराच्या विष्ठेतल्या अंड्यांना लागण करण्यालायक व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून ती रोजच्या रोज आणि दुसऱ्या कुणीतरी साफ करावी. मांजर कुरवाळण्यापेक्षा कच्चं मांस आणि न धुतलेली भाजी जास्त धोक्याची.

आडवातिडवा

डॉक्टरकाका, दंडवत. याच एका विषयावर मी किती भांडलोय. आपल्याला उंदीर व्हायची एवढी हौस का असते कोण जाणे. माणूस टोक्सोप्लाझ्मासाठी बंद गल्ली आहे, आपल्याला सहसा मांजर खात नाही.

कातरवेळ

आता मोठ्या मांजरांनी खाल्लं असेल ना पूर्वी. केनियात तरसांची लागण झालेली पिल्लं सिंहांच्या जास्त जवळ जाताना दिसली (२०२१). पण आडवातिडवा म्हणतात तेही खरं, तिथून आपल्या गाडी चालवण्यापर्यंतची उडी फार लांब.

बरं, शेवटची एक भर, मग झोपते. एकाच यजमानात दोन परजीवी असले आणि दोघांना उलट हवं असलं तर? एका पट्टकृमीचं पिल्लू आधी एका चिमुकल्या जलचरात वाढतं. कच्चं असताना ते जलचराला शांत ठेवतं, म्हणजे मासा आताच खाऊ नये. पिकलं की त्याला हुंदडायला लावतं, म्हणजे मासा खाईल. एकाच जलचरात एक पिकलेलं आणि एक कच्चं ठेवून पाहिलं. जलचर हुंदडला. पिकलेल्याचंच चाललं.

बांधावरून

थोरल्याने धाकट्याला बसवलं म्हणायचं. आमच्याकडे याचं वेगळं काही नसतं.

खिडकीपाशी

मंडळी, चार दिवसांनी परत आलो. धागा इथवर जाईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. मी काचा पुसल्या नाहीत, घरात बोलणी खाल्ली.

काल सूर्य मावळताना एक माशी खिडकीच्या खालच्या चौकटीवर चालत होती. उडत नव्हती, एवढ्यावरूनच संशय आला. खुर्ची ओढून बसलो. ती काचेवरून वर निघाली, थांबली, बाजूला गेली, पुन्हा वर. पावणेसातला वरच्या चौकटीच्या चार बोटं खाली थांबली. सोंड बाहेर आली, काचेवर टेकली. ती मागे सरकायचा प्रयत्न करत होती असं मला वाटलं, पण सोंड सुटली नाही. पायांनी दोनदा जोर लावला. मग पाय शांत. पंख उचलले जाताना दिसत नाहीत, घड्याळाच्या मोठ्या काट्यासारखं आहे. नजर काढून परत बघितली की थोडे वर गेलेले असतात.

रात्री तिच्याखाली चौकटीला काळा कागद चिकटवून ठेवला. सकाळी कागदावर पांढरा अर्धगोल होता, आणि त्या अर्धगोलात एक जिवंत माशी फिरत होती, पुढचे पाय एकमेकांवर चोळत.